विश्लेषण : परक्या युद्धातून सैन्य मागे घेण्याची ‘योग्य वेळ’ कोणती?

अफगाणिस्तानातून अमेरिकेचा अखेरचा सैनिक ३० ऑगस्ट २०२१ रोजी बाहेर पडला. युद्ध संपले, पण वाद संपला नाही. माघार घाईत झाली, उशिरा झाली की व्हायलाच नको होती, यावर अमेरिकेत आजही एकमत नाही. व्हिएतनाम, इराक आणि भारताच्या वाट्याला आलेल्या श्रीलंकेतील मोहिमेतही हाच प्रश्न उभा राहिला होता. या सगळ्या माघारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर तारखेइतकाच महत्त्वाचा, पण कमी चर्चा होणारा एक मुद्दा समोर येतो.

वाद पुन्हा का उफाळला?

काबूलच्या उत्तरेला असलेला बगराम हवाई तळ अमेरिकेला परत हवा आहे, असे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितले. तो दिला नाही तर परिणाम वाईट होतील, असा इशाराही त्यांनी तालिबानला दिला. तालिबानने ही मागणी फेटाळली. त्याआधी मे २०२५ मध्ये अमेरिकी संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी २०२१च्या माघारीची नव्याने तपासणी करण्याचे आदेश दिले होते. गंमत अशी की माघारीचा करार ट्रम्प यांच्याच पहिल्या कार्यकाळात झाला. तो अमलात आणला जो बायडेन यांनी. त्यामुळे रिपब्लिकन पक्ष माघारीच्या पद्धतीवर बोट ठेवतो, तर डेमोक्रॅटिक पक्ष कराराच्या अटींवर. माघारच चुकीची होती, असे म्हणणारे दोन्ही पक्षांत आहेत, पण ते थोडे.

निर्णयाला २० वर्षे का लागली?

अमेरिकेचे अफगाणिस्तानातील युद्ध ७ ऑक्टोबर २००१ रोजी सुरू झाले. बाहेर कधी पडायचे, याचे उत्तर त्यानंतर प्रत्येक अध्यक्षाने वेगळे दिले आणि नंतर बदलले. बराक ओबामा यांनी १ डिसेंबर २००९ रोजी एकाच भाषणात ३० हजार जादा सैनिक पाठवण्याची आणि जुलै २०११ पासून माघार सुरू करण्याची घोषणा केली. २०१४ अखेर लढाऊ मोहीम संपल्याचे जाहीर झाले. तरीही ओबामा यांनी पद सोडले, तेव्हा तेथे ८ हजारांहून अधिक सैनिक होतेच. ट्रम्प यांनी ऑगस्ट २०१७ मध्ये, आपला कल सुरुवातीला माघारीकडे होता असे सांगत सैन्य वाढवले. यापुढे तारखेनुसार नव्हे, तर परिस्थितीनुसार निर्णय होईल, अशी त्यांची भूमिका होती. अडीच वर्षांनी त्यांच्याच सरकारने तालिबानशी तारखेचा करार केला.

अवस्था ‘धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय’ अशी होती. राहावे तर जिंकण्याची चिन्हे नाहीत, निघावे तर काबूल पडण्याची भीती. त्यात आणखी एक ओझे होते. इतके जवान गमावल्यावर मागे फिरायचे, तर त्यांचे बलिदान वाया गेले का, या प्रश्नाला कोणताही नेता सहज उत्तर देऊ शकत नाही. म्हणून ‘आणखी एक वर्ष’ हा सर्वांत सोपा निर्णय ठरतो. त्याची किंमत पुढच्या वर्षी मरणारे चुकवतात. व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे ५८ हजारांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले. त्यांतील २० हजारांहून अधिक मृत्यू रिचर्ड निक्सन अध्यक्ष झाल्यानंतरचे, म्हणजे बाहेर पडायचे हे जवळपास ठरल्यानंतरचे आहेत.

तारीख जाहीर करावी की करू नये?

माघारीच्या वादात दोन ठरलेल्या बाजू असतात. पहिली बाजू म्हणते, तारीख सांगितली की शत्रूचे काम सोपे होते. त्याला जिंकायची गरज उरत नाही, फक्त थांबायचे असते. गावोगावचे लोकही मग परकी फौज गेल्यानंतर इथे कोण असेल, याचा हिशेब करून वागू लागतात. सप्टेंबर १९६९ मध्ये हेन्री किसिंजर यांनी निक्सन यांना दिलेल्या टिपणात हाच धोका मांडला होता. माघार म्हणजे खारे शेंगदाणे, एकदा सुरुवात झाली की लोक आणखी मागत राहतात, असा त्याचा आशय होता.

दुसरी बाजू म्हणते, तारीख नसेल तर युद्धाला शेवटच नसतो. ज्या सरकारच्या रक्षणासाठी फौज आली, त्यालाही सुधारण्याची घाई वाटत नाही. ‘परिस्थिती सुधारली की निघू’ हे वाक्य ऐकायला शहाणपणाचे वाटते, पण ती परिस्थिती कोणती आणि ती आल्याचे कोणी ठरवायचे, हे सांगितले नाही तर त्याचा अर्थ ‘कधीच नाही’ असा होतो. इराक युद्धाच्या वेळी, २००७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने युद्धखर्चाच्या विधेयकाला माघारीचे वेळापत्रक जोडले. जॉर्ज बुश यांनी १ मे २००७ रोजी त्यावर नकाराधिकार वापरला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००८ मध्ये, त्यांच्याच सरकारने इराकशी करार करून ३१ डिसेंबर २०११ ही अंतिम तारीख मान्य केली.

दोन्ही बाजूंचे निम्मे म्हणणे खरे आहे. म्हणूनच हा वाद केवळ तारखेवर लढला की सुटत नाही.

२,५०० सैनिक ठेवले असते तर?

दोहा येथे २९ फेब्रुवारी २०२० रोजी झालेल्या करारानुसार अमेरिका १ मे २०२१ पर्यंत सर्व सैन्य काढून घेणार होती. त्या बदल्यात तालिबानने अफगाण भूमी अमेरिकेविरुद्ध वापरू न देण्याची आणि अफगाण पक्षांशी बोलणी सुरू करण्याची हमी दिली. ज्याच्या भवितव्याचा हा करार होता, ते अफगाण सरकार करारात पक्षकार नव्हते. तरीही ५ हजारांपर्यंत तालिबानी कैदी सोडण्याची अट त्याच्या गळ्यात पडली.

बायडेन यांनी सूत्रे घेतली, तेव्हा अधिकृत आकड्यानुसार २,५०० सैनिक उरले होते. एवढे सैन्य ठेवावे, असे आपले मत होते, हे जनरल केनेथ मॅकेन्झी यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये सिनेटच्या समितीपुढे सांगितले. माघारीच्या विरोधकांचा युक्तिवाद याच आकड्यावर उभा आहे. थोडक्या फौजेत काबूल टिकले होते आणि फेब्रुवारी २०२० नंतर सुमारे दीड वर्ष अमेरिकेचा एकही सैनिक लढाईत मारला गेला नव्हता, मग घाई कशाची?

या युक्तिवादात एक अडचण आहे. ती शांतता २,५०० सैनिकांमुळे नव्हती, तर ते जाणार या वचनामुळे होती. करारानंतर तालिबानने अमेरिकी सैन्यावरचे हल्ले थांबवले, अफगाण सैन्यावरचे नाही. वचन मोडले असते, तर हल्ले पुन्हा सुरू झाले असते आणि २,५०० पुरले नसते, असे बायडेन यांच्या बाजूने सांगितले गेले. हे युद्ध पाचव्या अध्यक्षाकडे सोपवणार नाही, असे सांगत १४ एप्रिल २०२१ रोजी त्यांनी माघार जाहीर केली. आधी ठरवलेली ११ सप्टेंबरची मुदत पुढे ३१ ऑगस्टवर आणली गेली.

अफगाण सैन्य इतक्या लवकर का कोसळले?

झरंज ही प्रांतिक राजधानी ६ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानच्या हाती गेली. १५ ऑगस्टला काबूल पडले आणि अध्यक्ष अश्रफ घनी देश सोडून गेले. मधे जेमतेम ९ दिवस. कागदावर सुमारे ३ लाखांचे असलेले दल लढलेच नाही, असा सूर तेव्हा लागला. तो अन्यायाचा होता. २० वर्षांत अफगाण सैन्य आणि पोलीस दलातील ६० हजारांहून अधिक जण मारले गेल्याचा अंदाज आहे. अमेरिकी सैनिकांच्या मृत्यूंचा आकडा सुमारे २,४०० आहे.

कोसळण्यामागे भ्रष्टाचार होता. यादीत नाव आहे, पगार निघतो, पण प्रत्यक्षात माणूस नाही, असे ‘कागदी जवान’ होते. चौक्यांवर अन्न आणि दारूगोळा पोहोचत नव्हता. पण अफगाणिस्तानातील खर्चावर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकी महानिरीक्षक कार्यालयाने मे २०२२ च्या अहवालात सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणून दुसऱ्याच गोष्टीकडे बोट दाखवले : अमेरिकी सैन्यासोबत कंत्राटदारही काढून घेण्याचा निर्णय.

अमेरिकेने हे सैन्य स्वतःच्या साच्यात घडवले होते. डोंगराळ देशातील विखुरलेल्या चौक्यांना जगवणारे खरे साधन हवाई दल होते. त्यातील परिचित, रशियन बनावटीच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरांच्या जागी अमेरिकी ‘ब्लॅक हॉक’ आणली गेली. त्यांची देखभाल मुख्यतः परदेशी तंत्रज्ञ करत. २०२१च्या सुरुवातीला देशात १६ हजारांहून अधिक कंत्राटी माणसे होती आणि दोहा करारात त्यांनाही बाहेर काढण्याचे कलम होते. ती गेली, तशी हेलिकॉप्टरे जमिनीवर बसू लागली. दारूगोळा पोहोचेना, जखमींना उचलता येईना. आपल्याला वाचवायला कोणी येणार नाही, हे कळल्यावर चौकीवरचा जवान शस्त्र ठेवतो, त्याला भित्रेपणा म्हणणे सोपे आहे.

सोव्हिएत सैन्य गेल्यावर काबूल तीन वर्षे कसे टिकले?

याच देशातली आधीची माघार याच्या नेमकी उलट आहे. डिसेंबर १९७९ मध्ये शिरलेल्या सोव्हिएत सैन्याची अखेरची तुकडी १५ फेब्रुवारी १९८९ रोजी जनरल बोरिस ग्रोमोव्ह यांच्यासह अमू दर्यावरील पूल ओलांडून परतली. तारीख आधीच जाहीर होती. एप्रिल १९८८च्या जिनिव्हा करारात ती ठरली होती. राष्ट्राध्यक्ष नजिबुल्ला यांचे सरकार काही महिन्यांचे सोबती, असा बहुतेकांचा अंदाज होता. पण मार्च १९८९ मध्ये जलालाबादवर मुजाहिदीनांनी केलेला मोठा हल्ला अफगाण सैन्याने परतवला.

सैन्य गेले, तरी मॉस्कोहून इंधन, धान्य, शस्त्रे आणि पैसा येतच होता. सल्लागारही होते. मुजाहिदीनांतील फुटीचाही फायदा झाला. नजिबुल्ला यांची सत्ता खऱ्या अर्थाने डळमळली, ती सोव्हिएत संघच विसर्जित झाला आणि १९९२च्या सुरुवातीला मदत थांबली तेव्हा. उत्तरेतील अब्दुल रशीद दोस्तम यांची फौज सरकारच्या पैशावर सरकारसाठी लढत होती. पैसा आटला आणि ती फुटली. एप्रिल १९९२ मध्ये सरकार पडले.

व्हिएतनामचीही गोष्ट याच वळणाची. पॅरिस करार २७ जानेवारी १९७३ रोजी झाला आणि मार्चअखेर अमेरिकी लढाऊ सैन्य बाहेर पडले. सायगाव लगेच पडले नाही. १९७४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने लष्करी मदतीला मोठी कात्री लावून ती ७० कोटी डॉलरवर आणली. त्याच सुमारास तेलाच्या किमती भडकल्या होत्या. अमेरिकी पद्धतीने, भरपूर इंधन आणि दारूगोळा वापरून लढायला शिकवलेल्या दक्षिण व्हिएतनामी सैन्याला ते परवडेना. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले.

म्हणजे फक्त रसद पुरवली की पुरे?

नाही. इराक हे त्याचे उदाहरण. अमेरिकी सैन्याची शेवटची तुकडी १८ डिसेंबर २०११ रोजी बाहेर पडली. काही सैन्य ठेवण्याची बोलणी झाली होती, पण अमेरिकी सैनिकांना इराकी कायद्यापासून संरक्षण देण्यास बगदाद तयार झाले नाही. शस्त्रे आणि पैशाची इराकला कमतरता नव्हती. तरीही १० जून २०१४ रोजी मोसुल हे देशातील प्रमुख शहर ‘आयसिस’ने संख्येने कितीतरी लहान असलेल्या टोळ्यांच्या बळावर घेतले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेला पुन्हा युद्धात उतरावे लागले.

इथे आटले होते ते राजकारण. अमेरिकी तुकडी बाहेर पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी शियापंथीय पंतप्रधान नूरी अल-मलिकी यांच्या सरकारने सुन्नी उपराष्ट्राध्यक्ष तारिक अल-हाशिमी यांच्यावर अटक वॉरंट काढले. सैन्यात मर्जीतल्या अधिकाऱ्यांच्या नेमणुका झाल्या. मोसुलच्या सुन्नी रहिवाशांना हे सैन्य आपले वाटत नव्हते आणि त्या शहरासाठी मरावे, असे अनेक जवानांना वाटत नव्हते. अमेरिकी सैन्य आणखी दोन-तीन वर्षे राहिले असते तर हे बदलले असते का, यावर मतभेद आहेत. पण आठ वर्षे राहूनही ते बदलले नव्हते, हे खरे.

भारताने असा निर्णय कधी घेतला?

राजीव गांधी आणि जे. आर. जयवर्धने यांनी २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत करार केला आणि भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरली. तमिळ गटांची शस्त्रे उतरवून घेणे, हे तिचे काम होते. ऑक्टोबरपर्यंत तिला ‘एलटीटीई’शीच युद्ध करावे लागले. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या ८व्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना याच मोहिमेत २५ नोव्हेंबर १९८७ रोजी वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. मोहिमेत जवळपास १,२०० भारतीय जवान कामी आले.

येथे माघारीच्या वादाला तिसरा कंगोरा होता : यजमानच निघा म्हणत होता. नवे राष्ट्राध्यक्ष रणसिंघे प्रेमदास यांनी जून १९८९ मध्ये भारतीय सैन्याने जुलैअखेर देश सोडावा, अशी मागणी केली. तमिळांच्या सुरक्षेची हमी मिळाल्याशिवाय घाईने निघणार नाही, अशी भारताची भूमिका होती. दरम्यान प्रेमदास सरकार आणि एलटीटीई यांची बोलणी सुरू झाली. दोघांनाही भारतीय सैन्य नको होते. सप्टेंबर १९८९ मध्ये वेळापत्रक ठरले, डिसेंबरमध्ये दिल्लीत विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार आले आणि २४ मार्च १९९० रोजी अखेरची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. परतणाऱ्या जवानांच्या स्वागताला तामिळनाडूचे मुख्यमंत्री एम. करुणानिधी गेले नाहीत.

मागे काय राहिले? भारताच्या पाठिंब्याने उत्तर-पूर्व प्रांतात ‘ईपीआरएलएफ’चे सरकार आले होते. त्याच्या रक्षणासाठी ‘तमिळ नॅशनल आर्मी’ उभारण्यात आली. तिच्यात अनेक तरुणांना जबरदस्तीने भरती केले होते. भारतीय तुकड्या एकेक ठिकाण सोडत गेल्या, तसतसे एलटीटीईने हे दल मोडून काढले. मुख्यमंत्री वरदराज पेरुमल यांना भारतात यावे लागले. पक्षाचे प्रमुख पद्मनाभ यांची जून १९९० मध्ये मद्रासमध्येच हत्या झाली. जून १९९० मध्येच एलटीटीई आणि श्रीलंका सरकार पुन्हा युद्धात उतरले आणि २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधी यांची हत्या झाली. तरीही भारताने आणखी थांबायला हवे होते, असे म्हणणारे फार थोडे आहेत. यजमानाच्या इच्छेविरुद्ध थांबलेली फौज रक्षक राहत नाही.

मग नेमका प्रश्न कोणता विचारायला हवा?

या सगळ्या उदाहरणांत तारखा वेगवेगळ्या आहेत. माघार लवकर की उशिरा, यावरून पुढे काय घडले याचा अंदाज बांधता येत नाही. तो बांधता येतो, तीन साध्या प्रश्नांवरून. फौज गेल्यावर मागे राहणाऱ्या सैन्याला पगार, इंधन, सुटे भाग कोण पुरवणार आणि किती वर्षे? त्या सैन्याला आपल्या सरकारसाठी लढावेसे वाटते का? आणि ज्यांनी परक्या फौजेला साथ दिली, त्यांच्या सुटकेची सोय माघारीच्या आधी झाली आहे का?

तिसरा प्रश्न बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यात आठवतो. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल विमानतळावरून १ लाख २० हजारांहून अधिक लोकांना बाहेर काढले गेले, ही मोठी कामगिरीच होती. पण २६ ऑगस्टला त्याच विमानतळाच्या दारात झालेल्या आत्मघाती स्फोटात अमेरिकेचे १३ सैनिक आणि सुमारे १७० अफगाण नागरिक ठार झाले. त्यांतले अनेक जण हातात कागदपत्रे घेऊन रांगेत उभे होते. जे दुभाषे, शिक्षिका, जवान मागे राहिले, त्यांना कोणत्याही वेळापत्रकात जागा नव्हती. अफगाण मुलींची माध्यमिक शाळा त्याच शरद ऋतूत बंद झाली, विद्यापीठाचे दार डिसेंबर २०२२ मध्ये.

या तीन प्रश्नांची उत्तरे आणखी थांबल्याने आपोआप मिळत नाहीत. अमेरिका अफगाणिस्तानात २० वर्षे थांबली आणि हेलिकॉप्टर दुरुस्त करणारी पुरेशी माणसे तयार झाली नव्हती. म्हणून बगराम परत घेण्याची भाषा असो वा उद्या दुसऱ्या कुठल्या देशातील माघारीची चर्चा, ‘कधी निघायचे’ याच्या आधी ‘निघाल्यानंतर काय चालू राहणार’ हे विचारावे लागेल. त्याचे उत्तर ज्या सरकारकडे नसते, त्याच्यासाठी कोणतीच तारीख योग्य नसते. आणि ज्याच्याकडे ते असते, त्याला थांबण्याचे कारण उरत नाही.